वहिवाट, वहीवट आणि पुण्याहून आलेली दुरुस्ती

प्रश्न असा आला आहे: "आमच्या वडोदऱ्यातल्या मराठी मंडळाच्या घटनेत 'वहीवट समिती' असा शब्द आहे. पुण्याहून इकडे राहायला आलेले एक सभासद म्हणतात, हा गुजराती शब्द काढा आणि 'प्रशासन समिती' करा. काय ठेवावं? आणि महानगरपालिकेकडे मराठीतून अर्ज करता येतो का?"

दुसऱ्याचं नंतर बघू. पहिल्यात एक चूक आहे आणि एक अज्ञान. चूक मंडळाची, अज्ञान त्या सभासदांचं.

'वहीवट' हे रूप गुजराती आणि पुल्लिंगी. आपली 'वहिवाट', आणि ती स्त्रीलिंगी. "मंडळाचा वहीवट सध्या कोण बघतंय?" हे दांडिया बाजारापासून राजमहाल रोडपर्यंत सर्रास कानावर पडतं आणि दर वेळी मी दात आवळतो. बोलण्यातलं सोडून देऊ, पिढ्यान्‌पिढ्यांचा शेजार आहे. पण घटनेत? शिवाय त्या गुजराती शब्दाला हल्ली भलताच वास लागलाय. 'वहीवट थई गयो' म्हणजे देणंघेणं होऊन प्रकरण मिटलं. गुजराती वर्तमानपत्रांत पोलीस ठाण्याचा 'वहीवटदार' म्हणजे हप्ते गोळा करणारा इसम. समितीच्या नावात हा शब्द तुम्हाला हवा असेल तर माझी हरकत नाही.

आता पुणेकरांकडे वळू. वहिवाटीचा रस्ता, खरेदीखतातलं 'मालकी कब्जेवहिवाटीची' हे सगळ्यांना ठाऊक असतं, तिथे थांबत नाही. वहिवाट म्हणजे कारभार हा अर्थ मात्र त्यांच्या गावी नाही, आणि तो याच शहरातून राज्यभर चालत होता. गायकवाडीत, म्हणजे गायकवाडांच्या बडोदे संस्थानात, प्रांतावर सुभा, महालावर वहिवाटदार, पेटामहालावर महालकरी. शेजारच्या ब्रिटिश मुलखातला मामलतदार तो आमचा वहिवाटदार. १ मे १९४९ ला बडोदे संस्थान मुंबई प्रांतात विलीन झालं, मामलतदार इकडेही आला आणि ते पद गेलं. शब्द मात्र गुजरातीत टिकला, उलट वर चढला. नगरपालिकेची मुदत संपून निवडणूक लांबली की गुजरात सरकार तिथे 'वहीवटदार' नेमतं. मार्च २०२२ मध्ये मुंबई महापालिकेवर जो बसला त्याला आपण 'प्रशासक' म्हटलं. काम तेच.

खरी मजा पुढेच आहे: हा शब्द फोडायचा कुठे? माझ्या परिचयाचे एक गुजराती अभ्यासक ठासून सांगतात की वही म्हणजे हिशेबाचा चोपडा, आणि वह्या राखणं म्हणजे वहीवट. मला हे साफ नामंजूर. त्यात चोपड्याचा काही संबंध नाही. 'वह्' धातू आहे, वाहता असणं, चालू असणं. कसणुकीतल्या जमिनीला आपण वहिती म्हणतो, पडीकच्या उलट. तिथे कोणती वही? क्रियापद पाहा, 'जमीन वहिवाटणे'. चोपडा लिहून जमीन वहिवाटत नाही, औत घालावं लागतं. पुढचं पद वाट, म्हणूनच स्त्रीलिंग. जी वाट वाहती आहे ती वहिवाट. आधी पायाखालची, मग वापराची, मग हक्काची आणि शेवटी कारभाराची. १८८२ चा सुविधाधिकाराचा कायदाही वीस वर्षं उघडपणे, हक्काने, बिनअडथळा वापरलेल्या वाटेला अधिकार मानतो. 'पायंडा' पडतो त्यातही पाय आहेच.

मग गुजरातीत ती वाट कुठे हरवली? गुजरातीतही 'वाट' आहे, स्त्रीलिंगीच. पण तिथे 'वट' नावाचा दुसरा शब्द फार जोरात चालतो: वट म्हणजे रुबाब, वजन. तो पुल्लिंगी. माझी समजूत अशी की मराठी कचेरीतली वहिवाट गुजराती कानाला वही अधिक वट अशी ऐकू आली. चोपडा ज्याच्या हाती, वट त्याचा! एक काना गेला, लिंग फिरलं आणि वाट मोडली. अभ्यासक मित्रांच्या मते हे कल्पनारंजन. शब्द गुजरातीत मराठ्यांच्या आधीपासून असणार. असेल. मराठ्यांच्या आधीचा एखादा कागद दाखवा, एवढंच मी म्हणतो. तो कागद अजून यायचा आहे.

आणखी एका गृहस्थांनी माझी बाजू घेऊन 'शिरस्त्यातही रस्ताच आहे' असं कळवलं. असला पाठिंबा नको. शिरस्ता म्हणजे फारसी 'सररिश्ता', दोऱ्याचं टोक. शिरस्तेदार त्यातूनच आला. रस्ता फक्त ऐकणाऱ्याच्या कानात.

राहता राहिलं आपलं-परकं. राजघराणं मराठी, रयत बहुतांशी गुजराती, अशा राज्याने हा प्रश्न 'काढा आणि बदला' म्हणून सोडवला नव्हता. सयाजीराव महाराजांच्या सरकारने १९३१ मध्ये 'श्रीसयाजीशासनशब्दकल्पतरु' काढला. कारभारातल्या इंग्रजी शब्दासमोर गुजराती, मराठी, संस्कृत, उर्दू, फारसी, हिंदी आणि बंगाली प्रतिशब्द, म्हणजे आठ भाषा शेजारी शेजारी. घटना दुरुस्त करायला निघालेल्यांनी आधी तो चाळावा. आज १९६० च्या अधिनियमाप्रमाणे गुजरातच्या राजभाषा गुजराती आणि हिंदी, आणि फेब्रुवारी २०२२ मध्ये आठ महानगरांत सार्वजनिक ठिकाणी गुजराती फलक सक्तीचे झाले, त्यात वडोदरा आलंच. माझी तक्रार नाही. गुजरातेत गुजराती नाही लिहायची तर कुठे? पण वॉर्ड कचेरीवर 'वहीवटी वॉर्ड' वाचताना मला तरी गुजराती पोशाखातला आपला जुना वहिवाटदार दिसतो, आणि त्याला हाकलून तिथे 'प्रशासन' आणायला निघणारा मराठी माणूस बघून हसू येतं.

तेव्हा समितीचं नाव 'वहिवाट समिती' करा. तेही जड वाटत असेल तर 'कारभारी मंडळ'. 'प्रशासन समिती' नको; सात माणसांनी गणपती आणि कोजागिरी ठरवायची, त्याला प्रशासन कसलं?

अर्जाचं राहिलंच. संविधानाच्या अनुच्छेद ३५० प्रमाणे गाऱ्हाणं संघराज्यात किंवा त्या राज्यात वापरात असलेल्या कोणत्याही भाषेत मांडता येतं, म्हणजे मराठीतही. उत्तर मराठीत मिळेल असं मात्र तो अनुच्छेद म्हणत नाही. खंडेराव मार्केटच्या मुख्य कचेरीत मराठी अर्ज जरूर द्या, मागे गुजराती प्रत जोडा आणि पोच घ्या.