पार्क स्ट्रीटच्या दफनभूमीत पहिल्यांदा जाताना

कोलकात्याच्या साउथ पार्क स्ट्रीट सिमेट्रीत पहिल्यांदाच जाताय ना? मग तीनच थडगी ठरवून जा. नवखी मंडळी सगळी नावं एका फेरीत उरकायला बघतात आणि घरी नुसते फोटो नेतात.

- विल्यम जोन्स (मृत्यू १७९४): एशियाटिक सोसायटीचे संस्थापक. उंच, निमुळता मनोरा लांबूनच दिसतो.
- हेन्री डिरोझिओ: कवी आणि शिक्षक. १८३१ मध्ये गेले, वय अवघं २२.
- चार्ल्स ऊर्फ 'हिंदू' स्टुअर्ट: हिंदू चालीरीती आपल्याशा केलेले ईस्ट इंडिया कंपनीचे लष्करी अधिकारी. थडगं चक्क देवळासारखं! इथे वेळ काढाच.

अक्षरं झिजलेली असतात. पण म्हणून खडू फासू नका, शेवाळ खरवडू नका. दगडाचं कायमचं नुकसान होतं. टॉर्च दगडाला जवळजवळ टेकवून आडवा धरा. खोबणीत सावली पडते आणि सपाट वाटणाऱ्या दगडावर आधी नाव, मग साल, मग वय उमटत जातं. पहिल्यांदा हे पाहिलं तेव्हा माझा पायच निघेना.

आणि शेजारच्या अनोळखी थडग्यांवरची वयंही वाचा. विशीतली माणसं, तान्ही मुलं फार आहेत तिथे. स्थापत्य, वंशावळी वगैरे पुढच्या खेपेला बघू.