छोट्या चिऱ्यातून बायपास, बाबांना चालेल का?

प्रश्न : बाबांचं वय 66, डायबेटिस आहे. अँजिओग्राफीत तीन ब्लॉकेज निघाले, डॉक्टरांनी बायपास सांगितलीये. पण छातीचं हाड कापणार म्हटल्यावर बाबांनी धसकाच घेतलाय. ओळखीतल्या एकांची बरगड्यांमधून, छोट्या चिऱ्यातून झाली म्हणे, तशी यांची होईल का?

उत्तर : होऊ शकते, पण ते ब्लॉक नेमके कुठे आहेत त्यावर आहे सगळं. नेहमीच्या बायपासमध्ये छातीचं मधलं हाड उभं कापून नंतर स्टीलच्या तारांनी बांधतात आणि ते जुळायला 6 ते 8 आठवडे तरी जातात, तोवर वजन उचलायचं नाही. छोट्या चिऱ्याच्या पद्धतीत डावीकडे दोन बरगड्यांच्या मधून 5 ते 8 सेंटिमीटरच्या जागेतून आत जातात, मधल्या हाडाला धक्का नाही. बहुतेक वेळा हार्ट-लंग मशीनही (हृदय-फुफ्फुसांचं काम तेवढ्यापुरतं करणारं यंत्र) नसतं, स्टॅबिलायझर नावाचं, जेवणाच्या काट्यासारखं साधन हृदयाचा तेवढाच भाग स्थिर धरतं, आजूबाजूचं हृदय धडधडतच असतं आणि सर्जन जेमतेम दोनेक मिलिमीटरच्या नळीला केसापेक्षा बारीक दोऱ्याने टाके घालतो! कल्पना जुनीच आहे, 1964 मध्ये सोव्हिएत रशियात लेनिनग्राडला सर्जन कोलेसोव यांनी डाव्या बरगड्यांमधूनच धडधडत्या हृदयावर बायपास केली होती.

आता बाबांचं. हृदयाच्या पुढच्या मुख्य नळीला, म्हणजे एलएडीला, छातीच्या आतली धमनी जोडायची असेल तर हा चिरा उत्तम. बाकीच्या दोन नळ्या स्टेंट टाकण्याजोग्या असतील तर तिथे नंतर अँजिओप्लास्टी करता येते, याला हायब्रिड म्हणतात. काही सर्जन तिन्ही नळ्या छोट्या चिऱ्यातून करतात, पण त्यासाठी हात बसलेला हवा. डायबेटिसवाल्यांत कापलेल्या हाडाजवळ इन्फेक्शनची भीती जास्त असते, ती इथे टळते, म्हणून विचारणं रास्तच आहे तुमचं.

मात्र ऑपरेशन चालू असताना डावं फुफ्फुस मिटवून ठेवावं लागतं, त्यामुळे बाबांना दम्याचा किंवा सिगारेटचा जुना त्रास असेल तर आधी सांगा, लपवू नका प्लीज. पहिले काही दिवस बरगड्या चांगल्याच दुखतात, कधीकधी हाड कापून केलेल्या ऑपरेशनपेक्षाही जास्त. आणि आत अडचण आली तर ऐनवेळी हाड उघडावं लागू शकतं, हे बाबांना आधीच माहीत असू द्या.

अँजिओग्राफीची सीडी घेऊन दोन्ही पद्धती करणाऱ्या सर्जनला भेटा, वर्षाला अशा किती करता ते स्पष्ट विचारा. छातीत दुखणं वाढलं किंवा बसल्या जागी दुखायला लागलं तर मात्र हा शोध बाजूला ठेवा आणि लगेच हॉस्पिटल गाठा.