वाचक विचारतात : मेमरीचा हिशेब आणि डिस्कची उधारी

(या वेळचे सगळे प्रश्न लिनक्सबद्दलचे आहेत. आज्ञा, फाइली आणि सेटिंग्जची नावं देवनागरीत छापली आहेत. टाइप करताना रोमन छोटी अक्षरं वापरा. सेटिंगच्या नावातले शब्द अंडरस्कोरने जोडा.)

प्रश्न : लॅपटॉपला १६ जीबी रॅम आहे. २ जीबीचा व्हिडिओ पेन ड्राइव्हवर कॉपी केला की पट्टी काही सेकंदांत शंभर टक्क्यांवर जाते. मग ‘सुरक्षितपणे काढा’ म्हटलं की चार-चार मिनिटं थांबावं लागतं. पेन ड्राइव्ह खराब झालाय का? — एक वाचक, नाशिक

उत्तर : खराब नाही, धीमा आहे. पट्टी जे मोजते ते पेन ड्राइव्हवरचं लेखन नव्हेच. कॉपी करणारा प्रोग्राम डेटा कर्नलच्या, म्हणजे लिनक्सच्या गाभ्याच्या, हवाली करतो. कर्नल तो रॅममध्ये, पेज कॅशमध्ये, ४ केबीच्या पेजेसमध्ये ठेवतो, त्यांच्यावर ‘डर्टी’ अशी खूण करतो आणि प्रोग्रामला ‘झालं’ म्हणून सांगतो. डिस्कवरचं खरं लेखन, म्हणजे राइटबॅक, मागाहून होत राहतं.

डर्टी पेजेस किती साचू द्यायची, याच्या दोन मर्यादा आहेत. ‘डर्टी बॅकग्राउंड रेशो’ मुळात १० टक्के असतो. तो ओलांडला की मागे बसलेला फ्लशर लिहायला लागतो. ‘डर्टी रेशो’ मुळात २० टक्के. त्याच्या पुढे साठा जाऊ दिला जात नाही. हे टक्के एकूण रॅमचे नाहीत. मोकळी मेमरी आणि फाइलींच्या कॅशची मेमरी मिळून जी बेरीज होते, तिचे आहेत. तुमच्या लॅपटॉपवर ती बेरीज १४ जीबी धरली, तर मर्यादा १.४ आणि २.८ जीबी. लिहिणाऱ्या प्रोग्रामला कर्नल अडवू लागतो तो या दोन्हींच्या मध्यावर, म्हणजे २.१ जीबीला. तुमचा २ जीबीचा व्हिडिओ त्याच्या आतच मावतो, म्हणून कॉपीला कुणी हटकतच नाही. पेन ड्राइव्ह सेकंदाला ८ एमबी लिहीत असेल तर २ जीबीला सव्वाचार मिनिटं लागणारच. ती तुम्ही काढताना मोजता, एवढंच.

टर्मिनलवर ‘वॉच’ लावून ‘प्रॉक’मधल्या ‘मेमइन्फो’ फाइलीच्या ‘डर्टी’ आणि ‘राइटबॅक’ या दोन ओळी पाहत बसा. कॉपी संपल्यावर आकडा हळूहळू उतरताना दिसेल. तो जवळजवळ शून्यावर आला, की ‘सुरक्षितपणे काढा’ म्हटल्यावर फार थांबावं लागणार नाही.

पट्टी खरी चालावी असं वाटत असेल, तर फक्त त्या एका उपकरणाची मर्यादा कमी करता येते. ‘एलएसबीएलके’ने उपकरणाचा क्रमांक काढा, उदाहरणार्थ ८:१६. मग ‘सिस’खालच्या ‘क्लास’मधल्या ‘बीडीआय’ फोल्डरात त्या क्रमांकाच्या नावाने जे फोल्डर आहे, तिथल्या ‘मॅक्स बाइट्स’ फाइलीत ५२४२८८०० (५० एमबी) आणि ‘स्ट्रिक्ट लिमिट’मध्ये १ लिहा. दुसरी फाइल विसरू नका. ती शून्य असेल, तर सगळ्या यंत्राचा साठा मध्यबिंदू ओलांडेपर्यंत उपकरणाच्या मर्यादेकडे कर्नल पाहतसुद्धा नाही, आणि ‘सेटिंग लागू होत नाही’ अशी तक्रार होते. या दोन्ही फाइलींसाठी कर्नल ६.२ किंवा पुढचं हवं. पेन ड्राइव्ह काढला की सेटिंग जातं. कायमचं हवं असल्यास ‘यूडेव्ह’चा, म्हणजे उपकरण जोडताच आपोआप चालणारा, नियम लिहा.

प्रश्न : ६४ जीबी रॅमचा सर्व्हर, साध्या फिरत्या डिस्कचा रेड (अनेक डिस्क जोडलेला संच). रात्री बॅकअप सुरू झाला की डेटाबेस अधूनमधून मिनिटभर गोठतो, लॉग-इनसुद्धा होत नाही. सीपीयू रिकामा असतो. रॅम वाढवावी का? — एक वाचक, पुणे

उत्तर : वाढवलीत तर दुखणं वाढेल. वरचाच हिशेब इथे लावा. डर्टी होऊ शकणारी मेमरी ५० जीबी धरली तर मर्यादा ५ आणि १० जीबी. डिस्क सलग लेखनाला सेकंदाला १५० एमबी देत असेल, तर १० जीबी फेडायला ६७ सेकंद; लेखन विखुरलेलं असेल तर त्याच्या कितीतरी पट. उधारी किती चढू द्यायची हे दुकानाच्या आकारावर नव्हे, गिऱ्हाईक महिन्याला किती फेडतं त्यावर ठरवतात. टक्क्यांची मर्यादा नेमकं उलटं करते. ती रॅमबरोबर वाढते आणि डिस्कचा वेग तिच्या गणितात येतच नाही.

आधी निदान पक्कं करा. गोठलेल्या वेळी ‘पीएस’मध्ये ज्यांची अवस्था ‘डी’ (बहुधा डिस्कसाठी अडकलेली) आहे अशा प्रक्रिया शोधा आणि रूट होऊन ‘प्रॉक’मधल्या त्यांच्या क्रमांकाच्या फोल्डरातली ‘स्टॅक’ फाइल वाचा. त्यात ‘बॅलन्स डर्टी पेजेस’ हे फंक्शन दिसलं, तर प्रक्रिया मर्यादेपाशी अडवली गेली आहे. तिथे कर्नल लिहिणाऱ्याला छोट्या डुलक्या घ्यायला लावतं, एकेक जास्तीत जास्त २०० मिलिसेकंदांची. पूर्वी लिहिणाऱ्यालाच डिस्कवर लेखनाला जुंपत असत. कर्नल-विकसक वू फेंगग्वांग यांच्या कामामुळे २०१२ साली आलेल्या ३.२ कर्नलपासून ते थांबलं. पण स्टॅकमध्ये ‘जेबीडी२’ने सुरू होणारं, ‘लॉग वेट कमिट’ असं नाव दिसलं, तर गोष्ट वेगळी : डेटाबेसने ‘एफसिंक’ (डेटा डिस्कवर पक्का करण्याची मागणी) केलंय आणि ईएक्सटी४ या फाइल-सिस्टिमचं जर्नल, म्हणजे बदलांची नोंदवही, त्याला थांबवून धरतंय. नेहमीच्या ‘ऑर्डर्ड’ पद्धतीत जर्नलची नोंद पक्की होण्याआधी तिच्याशी जोडलेला डेटा डिस्कवर जावा लागतो. डेटाबेसने ८ केबी लिहिले असतील, पण त्याच्यापुढे रांगेत बॅकअपचा डोंगर असतो. डेटाबेसवाल्यांच्या बहुतेक तक्रारी या दुसऱ्या प्रकारच्या निघतात.

उपाय दोन्हींवर एकच : साठा लहान ठेवा. ‘ईटीसी’मधल्या ‘सिसक्टल डॉट डी’ फोल्डरात ९० ने सुरू होणारी नवी फाइल करून दोन ओळी घाला. ‘व्हीएम डॉट डर्टी बॅकग्राउंड बाइट्स’ २६८४३५४५६, म्हणजे २५६ एमबी. ‘व्हीएम डॉट डर्टी बाइट्स’ ८०५३०६३६८, म्हणजे ७६८ एमबी. तुमच्या डिस्कच्या वेगाने पहिली मर्यादा दोनेक सेकंदांची, दुसरी पाच सेकंदांची. टक्क्यांनी हे साधत नाही, कारण तिथे पूर्णांकच चालतात आणि ५० जीबीचा एक टक्कासुद्धा ५०० एमबी होतो.

दोन खाचखळगे. बाइट्सचं सेटिंग भरलं की त्याच्या जोडीचं टक्क्यांचं सेटिंग आपोआप शून्य होतं, आणि उलटही. ते बिघडलेलं नाही. दुसरं, फक्त वरची मर्यादा भरून खालची १० टक्क्यांवरच सोडली, तर खालची वरच्यापेक्षा मोठी ठरते. कर्नल तेव्हा काही न बोलता वरच्याच्या निम्मी धरतं. दोन्ही भरलेल्या बऱ्या.

आणि म्हणून मर्यादा ५ एमबीवरही आणू नका. साठा असतो म्हणून शेजारशेजारची पेजेस एकत्र करून सलग लिहिता येतात, आणि कंपायलरच्या तात्पुरत्या फाइली तर डिस्कला न शिवताच पुसल्या जातात. फिरत्या डिस्कला हा आधार लागतोच.

फरक पडला का ते सरासरी लोडवरून ठरवू नका. ‘प्रॉक’मधल्या ‘प्रेशर’ फोल्डरातली ‘आयओ’ फाइल पाहा (कर्नल ४.२० पासून). ‘फुल’ ओळीतला ‘अ‍ॅव्हरेज१०’चा आकडा म्हणजे गेल्या दहा सेकंदांतला किती टक्के वेळ कामाला असलेल्या सगळ्याच प्रक्रिया डिस्कसाठी अडून होत्या.

प्रश्न : कंटेनरला ५१२ एमबीची मर्यादा आहे. प्रोग्राम स्वतः २०० एमबी घेतो, पण ‘मेमरी डॉट करंट’ कायम ५०० च्या आसपास. मर्यादेला लागला की मारला जाईल का? — एक वाचक, बेंगळुरू

उत्तर : या आकड्यावरून सांगता येत नाही. ‘मेमरी डॉट करंट’मध्ये प्रोग्रामची स्वतःची मेमरी, कंटेनरने वाचलेल्या-लिहिलेल्या फाइलींची कॅश आणि कर्नलने त्याच्यासाठी घेतलेली मेमरी, सगळं एकत्र असतं. ‘मेमरी डॉट स्टॅट’ उघडा. ‘अ‍ॅनन’ म्हणजे प्रोग्रामची स्वतःची. स्वॅप (रॅममधली पेजेस हलवायची डिस्कवरची जागा) नसेल तर ती परत घेता येत नाही. ‘फाइल’ म्हणजे कॅश; त्यातली स्वच्छ पेजेस गरज पडताच सोडली जातात. ‘फाइल डर्टी’ आधी लिहावी लागतात. तुमचं ‘अ‍ॅनन’ २०० वर स्थिर असेल तर झोप खराब करून घेऊ नका. ते महिनाभर चढतंच असेल तर प्रोग्राम गळतोय.

सापळा आहे तो ‘शमेम’चा, म्हणजे शेअर्ड मेमरीचा. टीएमपीएफएसवर, म्हणजे रॅममधल्या फाइल-सिस्टिमवर, लिहिलेली फाइल हिशेबात ‘फाइल’खालीच मोजली जाते, पण तिच्यामागे डिस्क नसते. स्वॅप नसेल तर ती कुठेच ढकलता येत नाही. कुबरनेटीस या कंटेनर चालवणाऱ्या व्यवस्थेत ‘एम्प्टी-डिर’ या तात्पुरत्या फोल्डराला ‘मेमरी’ माध्यम देऊन त्यात लॉग लिहिले, की कॅश भासणारी मेमरी ओओएम किलरला, म्हणजे मेमरी संपल्यावर प्रक्रिया मारणाऱ्या कर्नलच्या यंत्रणेला, आमंत्रण देते. ‘मेमरी डॉट इव्हेंट्स’मधला ‘ओओएम किल’चा आकडा वाढलाय का ते तपासा, ‘मॅक्स’चा आकडा वाढणं म्हणजे फक्त मर्यादेला धडक, मृत्यू नव्हे.

राइटबॅकबद्दल तुम्ही विचारलं नाहीत, पण इथेच लोक अडकतात. सी-ग्रूपच्या (कंटेनरच्या प्रक्रियांना मर्यादा घालणाऱ्या कर्नलच्या सोयीच्या) दुसऱ्या आवृत्तीत कर्नल ४.२ पासून (२०१५, तेजुन हेओ यांचं काम) डर्टी मर्यादा प्रत्येक सी-ग्रूपला वेगळी लागू होते. तुमच्या कंटेनरकडे कॅशसाठी ३१२ एमबी उरतात. त्याचे १० आणि २० टक्के म्हणजे साधारण ३१ आणि ६२ एमबी. मोठा लॉग धडाधड लिहिताना कंटेनरात वेग पडतो आणि बाहेर पडत नाही, त्याचं कारण हे. सगळ्या यंत्रासाठी ‘डर्टी बाइट्स’ लावले असतील, तरी कंटेनरसाठी कर्नल त्यांचं टक्क्यांत रूपांतर करून मगच वापरतं. यासाठी मेमरी आणि आयओ दोन्ही कंट्रोलर चालू हवेत, आणि फाइल-सिस्टिम ईएक्सटी४, एक्सएफएस, बीटीआरएफएस अशी साथ देणारी हवी. नसेल तर सगळं लेखन मूळ सी-ग्रूपच्या नावावर पडतं. पहिल्या आवृत्तीत ही सोय नाही. तिथे कंटेनर डर्टी पेजेसनी भरतो आणि मेमरी मागणारी प्रक्रिया लेखन संपेपर्यंत लटकते. जुना सर्व्हर असेल तर दुसऱ्या आवृत्तीवर जाणं हाच इलाज.

प्रश्न : वीज गेल्यावर माझ्या पायथन प्रोग्रामची सेटिंग्जची फाइल शून्य बाइटची झाली. फाइल नीट ‘क्लोज’ केली होती. — एक वाचक, लातूर

उत्तर : ‘क्लोज’ डिस्कपर्यंत पोहोचवत नाही. डर्टी पेज मुळातल्या सेटिंगप्रमाणे ३० सेकंद जुनं झाल्यावर लेखनाला पात्र ठरतं, आणि फ्लशर दर ५ सेकंदांनी जागा होतो. म्हणजे ३५ सेकंदांपर्यंतचं काम रॅममध्येच असू शकतं. त्यात तुम्ही जुनी फाइल आधी रिकामी करून मग लिहीत असाल, तर रिकामं होणं डिस्कवर जातं आणि नवा मजकूर जात नाही.

क्रम असा ठेवा. त्याच फोल्डरात तात्पुरत्या नावाने लिहा. ‘फ्लश’ करा, याने मजकूर पायथनच्या बफरमधून फक्त कर्नलपर्यंत येतो. मग ‘ओएस डॉट एफसिंक’. मग ‘ओएस डॉट रिप्लेस’ने मूळ नाव द्या. शेवटी फोल्डर उघडून त्यालाही एफसिंक, म्हणजे नावाचा बदलही पक्का होतो. वीज कुठल्याही टप्प्यावर गेली तरी जुनी किंवा नवी, एक अखंड फाइल मिळते. फक्त डिस्कने स्वतःच्या कॅशबद्दल खोटं बोलता कामा नये.

एफसिंक चूक परत करत असेल तर ‘पुन्हा करून पाहू’ म्हणू नका. अनेक फाइल-सिस्टिम अपयशी लेखनानंतर त्या पेजेसची डर्टी खूण काढतात. दुसरा एफसिंक यशस्वी होतो आणि डेटा मात्र डिस्कवर नसतो. पोस्टग्रेस्क्यूएल या डेटाबेसच्या विकसकांना हे २०१८ साली ध्यानात आलं. त्याच्या २०१९ पासूनच्या आवृत्त्या अशा वेळी सरळ बंद पडतात आणि लॉगवरून सावरतात. तुमच्या प्रोग्रामने मजकूर पुन्हा नव्या फाइलीत लिहावा.

प्रश्न : कॅश रिकामी करण्यासाठी दर तासाला ‘ड्रॉप कॅशेस’मध्ये ३ लिहिणारा क्रॉन (ठरल्या वेळी आपोआप चालणारं काम) लावलाय. ‘फ्री’चा आकडा छान दिसतो. चालेल ना? — एक वाचक, ठाणे

उत्तर : काढून टाका. तुम्ही दर तासाला उपयोगी कॅश फेकताय आणि ती परत डिस्कवरून वाचायला लावताय. डर्टी पेजेसना तर ही आज्ञा हातही लावत नाही. ‘फ्री’मध्ये ‘अ‍ॅव्हेलेबल’चा रकाना पाहा, ‘फ्री’चा नव्हे.