वीराला कुणीतरी ओळखीचं भेटतंच

प्रश्न : नमस्कार मॅडम. मी वेंगुर्ल्याला राहते, अकरावी कॉमर्सला आहे. इंटरमिजिएट ड्रॉइंगला ए ग्रेड होती. ‘किम पॉसिबल’ ही माझी सगळ्यात आवडती कार्टून मालिका. तिच्यात शोभेल असं एक पात्र मी तयार केलंय, एजंट वीरा. चार चित्रं आणि तिच्या माहितीचं पान सोबत पाठवतेय. वीरा ही मालिकेच्या नायिकेची, किमची, लहानपणी हरवलेली बहीण. तिला सात भाषा येतात, कराटे येतं, कुठलाही कॉम्प्युटर ती हॅक करू शकते. मला कॅरेक्टर डिझायनर, म्हणजे कार्टूनमधल्या पात्रांचं रूप ठरवणारी, व्हायचंय. वीरा पोर्टफोलिओत चालेल का? मावसभाऊ म्हणतो, तिचे स्टिकर करून विकू. आई म्हणते, बी.कॉम. कर आणि बँकेच्या परीक्षा दे, कार्टूनं काढून पोट भरत नाही. कोणाचं ऐकू?

उत्तर : मावसभावाचं अजिबात ऐकू नकोस, आईचं अर्धं ऐक. वीराबद्दल मात्र जरा सविस्तर बोलायला हवं.

आधी चित्रांचं. तुझी रेघ छान आहे, न घाबरता ओढलेली. मूळ मालिकेच्या पात्रांना स्टीफन सिल्व्हरने जी टोकदार, कमीत कमी रेषांची घडण दिली, ती तू नीट पाहिलेली दिसतेस. पण चारही चित्रांत वीराचे हात एक तर खिशात आहेत नाही तर पाठीमागे. एका चित्रात तर हात खिशात घालायचे म्हणून तिच्या पोशाखाला खिसा मुद्दाम जोडलाय! हात काढायला जड जातात, सगळ्यांनाच जातात. पण पोर्टफोलिओ बघणारे लोक ही पळवाट पहिल्या नजरेत ओळखतात. रोज एक पान फक्त हातांचं काढ. त्यासाठी मॉडेल शोधत हिंडायला नको. संध्याकाळी बंदरावर मासळीचा लिलाव लागला की तिथे उभी राहा. पाटी उचलणारे, बोटांनी भाव सांगणारे, बांगडे मोजून टाकणारे असे हात कुठल्या क्लासात मिळणार?

आता पात्राचं. ही मालिका डिस्ने चॅनलवर 2002 ते 2007 या काळात चालली. बॉब स्कूली आणि मार्क मॅकॉर्कल हे तिचे निर्माते. त्यांना ती लिफ्टमध्ये सुचली, असं ते सांगतात. एकाने मुलीचं नाव उच्चारलं आणि म्हणाला, हिला काहीही जमतं. दुसरा लगेच म्हणाला, हिचा जोडीदार रॉन, त्याला काहीच जमत नाही. त्या दोन वाक्यांतच सगळा विनोद आला. शाळेत जाणारी मुलगी जगाला वाचवते, आणि तिच्या मागून येणाऱ्या रॉनची ऐन मोक्याच्या क्षणी विजार सुटते. त्याला माकडांची भीती वाटते. खलनायक डॉ. ड्राकेन जग जिंकायला निघालेला, आणि त्याच्या आईचा समज असा की आपला मुलगा रेडिओवर सल्ले देणारा डॉक्टर आहे. तिचा तो समज मोडू नये म्हणून त्याची जी तारांबळ उडते, ती किमच्या लाथांपेक्षा जास्त हसवते.

आता या मंडळींत तुझी वीरा उभी करून बघ. सगळं जमणारी मुलगी तिथे आधीच आहे. दुसरीही सगळं जमणारीच आली, तर तिने करायचं काय? बरं, किमच्या घरात जागाही नाही. वडील रॉकेट शास्त्रज्ञ, आई मेंदूची शल्यविशारद, वर जीव खाणारे दोन जुळे भाऊ. हरवलेली बहीण आणली की हे विनोदी घर रडकं होतं. नायिकेची नातेवाईक आणि नायिकेपेक्षा सरस, ही फॅन कॅरेक्टर, म्हणजे आवडत्या मालिकेत घालायला आपलं पात्र, करणाऱ्या निम्म्या मुलामुलींची पहिली खोड. त्यात लाजण्यासारखं काही नाही. आवडत्या घरात शिरायला नातं सांगणं हा सगळ्यात सोपा दरवाजा असतो. पण हेरगिरीच्या विनोदात पात्र ओळखलं जातं ते त्याच्यातल्या खोटीवरून, म्हणजे उणिवेवरून. मोहीम गंभीर आणि माणूस मात्र भलत्याच गोष्टीत अडकलेला, असं असलं की गंमत सुरू होते.

आणि तुझ्याकडे ती खोट आहे! माहितीच्या पानावर तळाशी एक ओळ तू निळ्या पेनाने खोडली आहेस. खोडलेलं वाचायची मला वाईट सवय आहे. तिथे लिहिलंय, ‘वीरा कुठेही गेली तरी तिला कुणीतरी ओळखीचं भेटतं.’ बाजूला कंसात ‘बालिश’. अगं, त्या पानावरची तुझी स्वतःची अशी ही एकच ओळ आहे. सात भाषा आणि कराटे हे जगातल्या कुठल्याही मुलीने लिहिलं असतं. ही ओळ कोकणातल्या मुलीलाच सुचते. गुप्तहेराची पहिली गरज म्हणजे आपल्याला कुणी ओळखू नये, आणि आपल्या वाडीत एसटीतून उतरलेल्या नव्या माणसाची सात पिढ्यांची चौकशी तिठ्यावरच होते.

जरा ताणून बघू. समुद्राखाली खलनायकाचा गुप्त तळ. वीरा शास्त्रज्ञाचं सोंग घेऊन आत शिरलीय, ओळखपत्र खोटं, चष्मा खोटा. पहारेकरी फसतात, कॅमेरे फसतात. आणि भटारखान्यातून आचारी डोकावतो, तो निघतो वेंगुर्ल्याशेजारच्या शिरोड्याचा. ‘काय गो, तू कोणाचा चेडू?’ तो तिला पकडून देत नाही. त्याहून वाईट करतो. बसवतो, सोलकढी देतो, बारावीच्या निकालाचं विचारतो, आजीच्या गुडघ्यांचं विचारतो. तिकडे स्फोटाचं घड्याळ उलटं मोजतंय. उठावं तर गावभर बोभाटा होणार की अमक्याच्या मुलीला मोठ्यांचा मान नाही, आणि बसावं तर जग बुडणार. आपली माणसं जहाजांवर आहेत, आखातात आहेत, मुंबईच्या चाळीचाळीत आहेत, त्यामुळे हा प्रसंग पृथ्वीवर कुठेही घडू शकतो आणि खोटा वाटणार नाही.

एकदा घडला तर तो किस्सा. दुसऱ्यांदा वीराने खबरदारी घ्यायला हवी. जाड मिशी, बदललेला आवाज, तरीही कुणीतरी चालीवरून ओळखतं, कारण तिची चाल हुबेहूब तिच्या आत्येसारखी आहे. तिसऱ्यांदा उलटं कर. ती खरोखर अडकलीय, ओळखीचं कुणीतरी भेटावं म्हणून टाचा उंचावून गर्दीत बघतेय, आणि त्या दिवशी एकही माणूस ओळख देत नाही. इथवर आलीस की तुझ्याकडे नुसतं चित्र उरलं नाही, पात्र झालं.

हे सगळं तुला परकं वाटायचं कारण नाही. जत्रेत दशावतार बघत तू मोठी झालीस. काळा वेश, लाल जीभ लोंबणारा मुखवटा आणि तोंडात मालवणी असा संकासुर आठव. पुराणात तो वेद चोरणारा राक्षस, विष्णूच्या हातून मरणारा. पण आपल्याकडे तो रंगमंचावर येतो, गावच्या गोष्टींवर बोलतो, सूत्रधाराची फिरकी घेतो, आणि मरायला आलेला हा राक्षस बघायला पोरं झोप आवरून बसतात. दशावतारी नटाच्या हातात लिहिलेली संहिता नसते. आख्यान ठरलेलं, संवाद त्याचे स्वतःचे, तिथल्या तिथे. फॅन कॅरेक्टर करणाराही हेच करतो, दुसऱ्याच्या आख्यानात आपलं बोलणं घालतो. ते बोलणं आपलं नसेल तर नुसता वेश उरतो.

एखाद्या रविवारी पिंगुळीला जाऊन ये, कुडाळच्या अलीकडेच आहे. तिथल्या ठाकर कलाकारांची चित्रकथी बघ. एकेका कथेची सुटी चित्रं, एकामागून एक समोर धरायची आणि वाद्याच्या साथीने गोष्ट सांगायची. आजच्या स्टुडिओत स्टोरीबोर्ड म्हणतात ते याहून फार वेगळं नाही. ही कला जपल्याबद्दल परशुराम गंगावणे यांना 2021 साली पद्मश्री मिळाली. त्यांच्या कुटुंबाचं ‘ठाकर आदिवासी कला अंगण’ हे संग्रहालय तिथेच आहे. गावोगाव फिरणारे हे कलाकार शिवकाळात हेरगिरीही करत, असं त्या समाजात सांगितलं जातं. वीराचे पूर्वज शोधायला अमेरिकेत कशाला जायचं?

तेव्हा पोर्टफोलिओचं उत्तर असं. मूळ मालिकेच्या शैलीत काढलेलं वीराचं एक पान ठेव, एकच. ते ठेवायलाही कारण आहे. मुंबई, पुणे, हैदराबाद, बंगळुरूच्या स्टुडिओंत पुष्कळसं काम परदेशी मालिकांचं येतं. पात्रं तिकडून ठरून आलेली असतात आणि आपल्या लोकांना ती त्याच वळणाची, एक रेघ इकडची तिकडे न होता, शेकडो वेळा काढायची असतात. दुसऱ्याच्या शैलीत हात बसवता येणं ही तिथे रोजची रोजी आहे, आणि फॅन आर्ट करणाऱ्या मुलांना ही सवय आपोआप लागलेली असते. नुसत्या कॅरेक्टर डिझायनरच्या जागा थोड्या असतात. स्टोरीबोर्ड, टूडी अॅनिमेशन, रिगिंग (कॉम्प्युटरवरच्या पात्राला हलण्यासाठी सांधे जोडणं), पार्श्वचित्रं, पटकथा यांतल्या कुठल्यातरी दाराने आत जावं लागतं आणि मग वर सरकता येतं. हे आत्ताच माहीत असलेलं बरं.

पण बाकीची पानं तुझ्या वीराची हवीत. किम नाही, रॉन नाही, तो शहरी शाळेचा वर्ग नाही. ते सगळं काढून घेतल्यावर वीरा उभी राहते का ते बघ. तिला वेंगुर्ल्यात आण. समोरून, बाजूने, पाऊण वळून आणि पाठीमागून असं मॉडेल शीट कर, हात दाखवून! मग चेहऱ्याचे भाव काढ. रागावलेली, घाबरलेली वगैरे सगळेच काढतात. तू ‘ओळखीच्या काकांनी हाक मारली आणि ऐकू आलं नाही असं दाखवतेय’ हा भाव काढ. शक्य झालं तर दहा सेकंदांचं अॅनिमेशन कर. सेकंदाला 24 चौकटी, एक चित्र दोन चौकटी धरलं तर 120 चित्रं. दिवाळीच्या सुट्टीत होतात. क्रिटा आणि ओपनटूंझ ही दोन्ही सॉफ्टवेअर फुकट आहेत. ओपनटूंझ 2016 पासून सर्वांना खुलं झालं, त्याआधी जपानच्या स्टुडिओ जिबलीत त्याच प्रणालीवर काम चालायचं. घरात कॉम्प्युटर नसेल तर वहीच्या कोपऱ्यात चित्रं काढ, पानं फडफडव आणि मोबाइलवर व्हिडिओ घे. तेही चालतं.

स्टिकरचं दोन वाक्यांत. मालिकेची पात्रं, त्यांची नावं आणि रूप डिस्नेच्या मालकीचं आहे, आणि आपला 1957 चा कॉपीराइट कायदा परदेशी कलाकृतींनाही इथे संरक्षण देतो, त्यामुळे सरावाला काढणं वेगळं आणि पैसे घेऊन विकणं वेगळं. वेंगुर्ल्याची वीरा पूर्ण तुझी झाली की तिचे स्टिकर खुशाल कर, मावसभावाला कमिशन दे.

आता आईंशी थोडं बोलते. ताई, तुमची काळजी रास्त आहे. या क्षेत्रात पहिली दोनतीन वर्षं पगार बेताचा असतो आणि कामाचे तास बेताचे नसतात. पण कॉमर्स घेतल्याने मुलीची वाट बंद झालेली नाही. अहमदाबादच्या एनआयडीत, म्हणजे 1961 साली सुरू झालेल्या राष्ट्रीय डिझाइन संस्थेत, अॅनिमेशन फिल्म डिझाइन हा पदवीचा विषय आहे आणि प्रवेश परीक्षेला कुठल्याही शाखेची बारावी चालते. डिझाइनच्या पदवी प्रवेशासाठी आयआयटी मुंबई घेते त्या यूसीड परीक्षेचंही तसंच. ती जानेवारीत होते, तिच्यात चित्रकलेचा भाग असतो आणि फक्त दोनदा देता येते, तीही लागोपाठच्या वर्षांत. मुंबईचं जे. जे. कला महाविद्यालय आहेच. घराजवळ राहायचं तर सावंतवाडीचं बांदेकर कला महाविद्यालय आणि चिपळूणजवळ सावर्ड्याचं सह्याद्री स्कूल ऑफ आर्ट. अॅनिमेशन नंतरही शिकता येतं, चित्रकलेचा पाया नंतर घालणं कठीण. बी.कॉम.चा अर्ज जरूर भरून ठेवा, या परीक्षांत जागा कमी आणि मुलं फार. माझ्या ‘अर्धं ऐक’चा अर्थ तेवढाच.

एका बाबतीत मात्र सावध राहा. शंभर टक्के नोकरीची पाटी लावलेला, फी लाखांत सांगणारा खासगी अॅनिमेशन क्लास दिसला तर पैसे भरण्याआधी गेल्या वर्षीच्या मुलांच्या फिल्म दाखवा म्हणावं. फिल्म न दाखवता चकचकीत लॅब दाखवली, तर चहा पिऊन घरी या.

आणि एक कागदाचं काम, कारण हुशार मुलं इथेच अडकतात. इतर मागासवर्गाचं आरक्षण घ्यायचं असेल तर आयआयटी आणि एनआयडीला नॉन-क्रीमीलेयर दाखला केंद्र सरकारच्या नमुन्यात लागतो. राज्याचा तिथे चालत नाही. यूसीडचे अर्ज साधारण ऑक्टोबरात सुटतात आणि गणपतीत तहसील कार्यालयात काय गर्दी असते ते तुम्हाला माहीत आहे. बारावीच्या वर्षी जून-जुलैतच सेतू केंद्रात अर्ज टाकून मोकळ्या व्हा.