अमेरिकेतल्या शाळांत रिस्टोरेटिव्ह जस्टिस आणि वंशभेदावर काम करणारे दिवसभर नेमकं करतात काय?

तुम्ही विचारलंय की एमएसडब्ल्यू (समाजकार्यातली मास्टर्स) करून या फील्डमध्ये आलं तर काम काय असतं, नुसती लेक्चरं द्यायची का. मी कॅलिफोर्नियात ओकलंडच्या एका मिडल स्कूलमध्ये (सहावी ते आठवी) हेच करते. रिस्टोरेटिव्ह जस्टिस म्हणजे भांडण किंवा चूक झाली की नुसती शिक्षा न देता, ज्याला त्रास झाला त्याच्याशी बोलून ते भरून काढायला लावणं. लेक्चर सगळ्यात कमी.

ओकलंडमध्ये हे मूळ धरलं ते 2005 मध्ये नागरी हक्कांच्या वकील फानिया डेव्हिस यांनी यासाठी संस्था काढली तेव्हापासून, आता इथे सर्कल हा शब्द पोरांनाही पाठ आहे. गोल बसायचं, हातात एखादी वस्तू फिरवायची, ती ज्याच्याकडे असेल त्यानेच बोलायचं. बघणाऱ्याला वाटतं झालं काम. पण त्याआधी दोन्हीकडच्यांना वेगवेगळं भेटावं लागतं, काय झालं, तेव्हा डोक्यात काय चाललं होतं, कुणाला त्रास झाला, आता भरून कसं काढणार, हे एकेकट्याशी बोलल्याशिवाय समोरासमोर बसवलं की नुसती मांडवली होते, पोरं सॉरी म्हणतात आणि गेटबाहेर परत राडा. ज्याला त्रास झालाय तो नको म्हणाला तर सर्कल नाही, विषय संपला.

पण मुलं सोपी हो, खरी नोकरी मोठ्यांबरोबर असते. 2013-14 च्या सरकारी आकड्यांत पब्लिक शाळांमध्ये काळी मुलं 15.5 टक्के, पण सस्पेंड झालेल्यांत 39 टक्के. हे कसं होतं ते रेफरल फॉर्म, म्हणजे मुलाला वर्गाबाहेर पाठवताना शिक्षक कारण लिहून भरतात तो कागद, वाचले की कळतं. मारामारी लिहिलं असेल तर मारामारी झालेली असते, पण 'उद्धट', 'ऐकत नाही' हे शिक्षकाच्या नजरेवर असतं. माझ्याकडे एक फॉर्म आला, मुलाने हुडी काढली नाही, वर बघून उसासा टाकला, वर्गाबाहेर. त्याच तासाला एक गोरा मुलगा हुडी घालूनच बसला होता, त्याला मॅडम नुसतं 'काढ रे' म्हणाल्या. हे त्या मॅडमशी बोलायचं, आरोप न करता, फॉर्म समोर ठेवून. कुणी रडतं, कुणी चिडतं, मला रेसिस्ट म्हणताय का. म्हणायचं नाही, पण फॉर्म उचलायचाही नाही.

जुलै 2024 पासून कॅलिफोर्नियात बारावीपर्यंत अशा उद्धटपणासाठी सस्पेंड करता येत नाही, पण वर्गाबाहेर काढणं चालूच आहे, त्यामुळे पोरगं माझ्या दारात येऊन बसतं. आणि रिस्टोरेटिव्ह जस्टिस रामबाण आहे असं कुणी सांगितलं तर ऐकू नका. पिट्सबर्गच्या शाळांत रँड या संशोधन संस्थेने त्याचा अभ्यास केला, 2018 मध्ये छापला, सस्पेन्शनचे दिवस कमी झाले पण सहावी ते आठवीच्या मुलांचे मार्क घसरले. मला त्यात नवल वाटत नाही, त्याच वयात जास्त वेळ खर्च होतो.

जाता जाता, इथले आपले लोक 'रेसशी आपला काय संबंध' म्हणतात, आणि 2023 मध्ये सिएटल शहराने जातीवरून भेदभाव करायला बंदी घालणारा कायदा केला तेव्हा तेच सगळ्यात जास्त खवळले. ट्रेनिंगमध्ये तुम्हाला तेही भेटतील.

डिग्रीची फार काळजी करू नका, स्पॅनिश मात्र आतापासून सुरू करा, आमच्याकडे अर्ध्या आयांशी फोनवर त्यातच बोलावं लागतं.