इटलीतून जुनं चित्र बाहेर नेताना

प्रश्न : इटलीत अंदाजे १९२० सालचं एक तैलचित्र घ्यायचं ठरवतोय. चित्रकार हयात नाही. दुकानदार म्हणतो, पावती पुरे. खरंच पुरते का?

उत्तर : नाही. पावतीवरून मालकी ठरते, देशाबाहेर नेण्याची परवानगी मिळत नाही. इटलीच्या २००४ च्या वारसा संहितेनुसार, ७० वर्षांहून जुनी आणि दिवंगत कलाकाराची वस्तू बाहेर नेण्याआधी सांस्कृतिक मंत्रालयाच्या निर्यात कार्यालयाकडे जावं लागतं. किंमत १३,५०० युरोपर्यंत असेल, तर सहसा स्वयंघोषणापत्र चालतं. सोबत फोटो, मापं आणि पावती जोडा. किंमत त्याहून जास्त असेल तर 'मुक्त संचार प्रमाणपत्र' लागतं. त्याच्या निर्णयाची मुदत ४० दिवसांची आहे, म्हणजे परतीच्या तिकिटाआधी दोन दिवसांत हे काम होणारच नाही.

प्रमाणपत्रासाठी अर्ज करताना किंमत मुद्दाम कमी लिहू नका. सरकारला ते चित्र तुम्ही लिहिलेल्याच किमतीला विकत घेता येतं! चित्र देशाच्या दृष्टीने महत्त्वाचं वाटलं तर परवानगी नाकारलीही जाते. म्हणून सौद्यातच लिहून घ्या : 'परवानगी न मिळाल्यास पैसे परत.' ही अट आम्हाला सगळ्यात मोलाची वाटते. दुकानदार त्याला तयार नसेल तर सौदा सोडा.

चित्राची किंमत १,५०,००० युरोंच्या वर असेल, तर युरोपीय संघाबाहेर नेण्यासाठी वेगळा परवानाही लागतो. उत्खननात सापडलेली नाणी, मडकी यांना मात्र स्वस्त म्हणून सूट नाही. इटलीच्या जमिनीत सापडलेल्या पुरावस्तू मुळात सरकारच्या मालकीच्या असतात. बेकायदा निर्यातीला २ ते ८ वर्षं कैद होऊ शकते.