पालिकेची साधने आणि उमेदवाराचा प्रचार: वाचकांचे प्रश्न

नगरपरिषदा आणि महानगरपालिकांच्या निवडणुकांविषयी आमच्याकडे आलेल्या पत्रांचा मोठा गठ्ठा एकाच विषयाभोवती फिरतो. पालिकेची गाडी, माणसे, सभागृह, मैदान किंवा फलक उमेदवाराच्या प्रचारासाठी वापरता येतात का आणि वापरलेले दिसले तर सामान्य नागरिकाने काय करावे, असे वाचकांनी विचारले आहे. त्यांपैकी पाच प्रश्न येथे घेतले आहेत. पत्रलेखकांची नावे व गावे त्यांच्या इच्छेनुसार दिलेली नाहीत.

प्रश्न: आमच्या प्रभागाला पालिकेच्या टँकरने पाणी मिळते. आचारसंहिता लागू झाल्यानंतरही टँकर येतो, पण आता त्याच्या मागे माजी नगरसेविकेच्या छायाचित्राचा फ्लेक्स बांधलेला असतो आणि त्यांचा एक कार्यकर्ता पाइपाजवळ उभा राहून "ताईंनी पाठवलाय" असे प्रत्येकीला सांगतो. तक्रार केली तर टँकरच बंद होईल, या भीतीने कोणी बोलत नाही. हे नियमात बसते का?

आधी भीतीविषयी लिहितो, कारण गैरवापर करणाऱ्यांचे सगळे बळ याच भीतीवर उभे असते. आचारसंहितेमुळे पाणीपुरवठा, सफाई, दवाखाना किंवा दिवाबत्ती यांपैकी काहीही थांबत नाही. या पालिकेच्या नित्याच्या सेवा आहेत आणि त्या चालू ठेवणे हे मुख्याधिकाऱ्यांचे अथवा आयुक्तांचे कर्तव्यच आहे. "आचारसंहिता आहे, म्हणून पाणी देता येत नाही" असे कोणी सांगत असेल, तर ते चुकीचे सांगत आहे.

नियमात बसत नाही तो फ्लेक्स, आणि ते "ताईंनी पाठवलाय" हे वाक्य. टँकरचे डिझेल, चालकाचा पगार आणि त्यातले पाणी हे सगळे पालिकेच्या पैशातून, म्हणजे तुमच्या घरपट्टी-पाणीपट्टीतून येते. संविधानाच्या 74 व्या दुरुस्तीने आलेल्या अनुच्छेद 243 झेडए नुसार नगरपालिका निवडणुकांचे अधीक्षण, निदेशन व नियंत्रण राज्य निवडणूक आयोगाकडे सोपवलेले आहे, आणि सार्वजनिक खर्चाने चालणारी वाहने, यंत्रणा व कर्मचारी कोणत्याही पक्षाच्या किंवा उमेदवाराच्या प्रचारासाठी वापरू नयेत, हे आदर्श आचारसंहितेचे मूळ सूत्र आहे. शिवाय ज्यांचा तुम्ही उल्लेख करता त्या माजी नगरसेविका आहेत. मुदत संपून प्रशासक नेमला गेला, की आधीच्या सदस्यांना पालिकेचे वाहन, दालन किंवा पदाचे पत्रशीर्ष यांवर कोणताही हक्क उरत नाही. मुंबई महापालिकेची मुदत मार्च 2022 मध्ये संपल्यावर तेथे प्रशासक आले, आणि राज्यातील इतर अनेक पालिकांतही दीर्घकाळ हीच स्थिती होती. तरीही "आमचा टँकर", "आमची गाडी" ही बोलण्याची सवय गेली नाही. लोकांनीही ती सवय मान्य करून टाकली, याचे मला खरोखर वाईट वाटते.

तक्रार लिहिताना "टँकर थांबवा" असे चुकूनही लिहू नका. टँकर नेहमीच्या वेळी चालू ठेवावा, त्यावरील फ्लेक्स उतरवावा आणि पाणीवाटपाच्या वेळी फक्त पालिकेचा कर्मचारी उपस्थित असावा, एवढेच तीन स्पष्ट वाक्यांत मागा. त्यासोबत वाहन क्रमांक, तारीख, वेळ आणि फ्लेक्स दिसेल असे छायाचित्र जोडा. पालिकेच्या वाहनाला लॉगबुक असते आणि टँकरच्या फेऱ्यांची नोंद ठेवलेली असते. टँकर कोणाच्या आदेशाने कोठे गेला हे त्या नोंदीवरून ठरते, म्हणून त्या नोंदीची पडताळणी करण्याची विनंतीही त्याच अर्जात करा.

टँकर खासगी असून त्याचे पैसे उमेदवार भरत असेल, तर मामला निराळा आणि अधिक गंभीर होतो. तो खर्च उमेदवाराच्या निवडणूक खर्चात दाखवावा लागतोच, परंतु मत मिळावे म्हणून दिलेला लाभ या नात्याने तो लाचखोरीतही मोडू शकतो. 1 जुलै 2024 पासून लागू असलेल्या भारतीय न्याय संहितेच्या कलम 173 मध्ये निवडणुकीतील लाचखोरीसाठी एक वर्षापर्यंत कारावास, दंड किंवा दोन्ही अशी शिक्षा आहे.

प्रश्न: आमच्या गल्लीतील रस्त्याचे काम निवडणूक जाहीर झाल्यावर अचानक सुरू झाले. ठेकेदार म्हणतो की कार्यादेश जुना आहे. असे काम चालू शकते का?

येथे कार्यादेशाची तारीख पाहून भागत नाही. निवडणूक जाहीर होण्याच्या दिवशी जागेवर काम प्रत्यक्ष सुरू झालेले होते का, हा खरा प्रश्न असतो. खडी पडली होती, खोदाई झाली होती, मोजमाप घेतले गेले होते, तर ते काम पुढे चालू राहू शकते, आणि पूर्ण झालेल्या कामाचे देयक देण्यासही अडचण नसते. मात्र कार्यादेश हाती असूनही कुदळ मारली गेली नव्हती, असे काम निवडणूक संपेपर्यंत सुरू करता येत नाही. ते निकालानंतर खुशाल सुरू व्हावे. नवीन मंजुरी, भूमिपूजन, लोकार्पण, कोनशिला आणि "निवडून आल्यावर" असा सूर लावून पदाधिकाऱ्याने केलेली निधीची घोषणा या सगळ्यांना या काळात बंदी असते. पूर, आग, साथीचा रोग अशा आपत्तीत तातडीची कामे व मदत थांबत नाही, परंतु ती मदत अधिकाऱ्यांनी द्यायची असते आणि तिच्यावर कोणाचेही छायाचित्र असता कामा नये.

तुमच्या गल्लीतील काम निवडणूक जाहीर होण्याच्या दिवसाआधी सुरू झाले नव्हते, याचा पुरावा तुमच्याच मोबाइलमध्ये असू शकतो. त्या आठवड्यात गल्लीत काढलेले एखादे साधे कौटुंबिक छायाचित्र, ज्यात मागे अखंड, न खोदलेला रस्ता दिसतो आणि ज्याची तारीख मोबाइलने आपोआप नोंदवलेली आहे, ते ठेकेदाराच्या तोंडी खुलाशापेक्षा कितीतरी वजनदार ठरते.

प्रश्न: मी पालिकेत ठेकेदारामार्फत सफाईचे काम करतो. मुकादमाने आम्हा बाराजणांना कामाच्या वेळेत प्रचारफेरीला जायला सांगितले आणि "हजेरी लागेल" असेही सांगितले. नाही म्हटले तर काम जाईल अशी भीती आहे. आम्ही काय करावे?

या पत्राने मला सर्वांत अस्वस्थ केले, कारण येथे वापरले जाणारे साधन म्हणजे जिवंत माणूस आहे आणि त्याच्या घरची चूल त्या हजेरीवर पेटते. कायद्याची बाजू मात्र पूर्णपणे तुमच्या बाजूची आहे. हजेरीपटावर तुम्ही सफाईच्या कामावर आहात असे दाखवून तुम्हाला फेरीत नेले, तर पालिकेच्या पैशाने उमेदवारासाठी माणसे पुरवली, असा त्याचा सरळ अर्थ होतो. यात मुकादम, ठेकेदार, त्या हजेरीवर सही करणारा अधिकारी आणि ज्याच्यासाठी हे झाले तो उमेदवार असे सगळेच उत्तर देण्यास बांधील होतात.

कायम सेवेतील शासकीय कर्मचाऱ्यांबाबत महाराष्ट्र नागरी सेवा (वर्तणूक) नियम, 1979 मधील नियम 5 स्पष्ट आहे. कर्मचाऱ्याने प्रचार करू नये, आपल्या पदाचा प्रभाव निवडणुकीत वापरू नये, आणि अंगावर, वाहनावर किंवा घरावर निवडणूक चिन्ह लावणे हेसुद्धा प्रभाव वापरणेच समजले जाते. मत देण्याचा हक्क अर्थातच अबाधित असतो. पालिका कर्मचाऱ्यांनाही याच धर्तीचे वर्तणूक नियम लागू असतात. तुमच्यासारख्या ठेक्यावरील कामगाराला हे नियम जसेच्या तसे लागू होत नसले, तरी ज्या तासांचे पैसे पालिका देते ते तास प्रचाराला देण्याचा अधिकार ठेकेदारालाही नाही.

सरकारी माणसांकडून काम करून घेणे ही किती गंभीर बाब मानली गेली आहे, हे सांगण्यासाठी जुने उदाहरण देतो. ते लोकसभेच्या निवडणुकीचे आहे आणि तेथील कायदा वेगळा आहे, पण तत्त्व तेच आहे. 12 जून 1975 रोजी अलाहाबाद उच्च न्यायालयाने तत्कालीन पंतप्रधान इंदिरा गांधी यांची निवड रद्द ठरवली. त्या निकालातील एक मुद्दा असा होता, की प्रचारसभांची व्यासपीठे उभारणे आणि ध्वनिक्षेपकांसाठी वीज पुरवणे ही कामे राज्य सरकारच्या अधिकाऱ्यांच्या मदतीने झाली. नोव्हेंबर 1975 मध्ये, मधल्या काळात झालेल्या कायदा-दुरुस्तीनंतर, सर्वोच्च न्यायालयाने तो निकाल फिरवला हे खरे आहे. तरीही व्यासपीठाच्या लाकडी फळ्या आणि विजेची जोडणी कोणी दिली, इतक्या बारीक तपशिलावर देशातल्या सर्वोच्च पदावरील व्यक्तीची निवड न्यायालयात तपासली गेली, हे तुमच्या मुकादमाच्याही कानावर घालण्यासारखे आहे.

प्रत्यक्षात एकट्याने पुढे होऊ नका. बाराजणांनी किंवा कामगार संघटनेने मिळून निवडणूक निर्णय अधिकाऱ्यांकडे अर्ज द्यावा, आणि कोणत्या दिवशी, कोणत्या वेळी, कोणत्या हजेरी-ठिकाणावरून फेरीला जाण्यास सांगितले एवढेच त्यात लिहावे. तोंडी आदेश आला असेल, तर त्याच दिवशी वहीत तारीख व वेळ टिपून ठेवा. मुकादमाने संदेश मोबाइलवर पाठवला असेल, तर तो पुसू नका.

प्रश्न: समाजमंदिर आणि पालिका शाळेचे मैदान एका पक्षाने प्रचाराच्या शेवटच्या दहाही दिवसांसाठी आधीच राखून ठेवले आहे. आमच्या अपक्ष उमेदवाराला एकही संध्याकाळ मिळत नाही. तसेच आमच्या प्रभागाच्या पाणी-वेळापत्रकाच्या व्हॉट्सॲप गटात माजी नगरसेवक प्रचाराचे संदेश टाकतात. दोन्हींबाबत मार्गदर्शन करावे.

सार्वजनिक मैदाने व सभागृहे प्रचारासाठी मुळीच वापरू नयेत, असा समज अनेकांचा असतो आणि तो चुकीचा आहे. ठरलेले भाडे व अनामत रक्कम भरून, लेखी परवानगी घेऊन, कोणत्याही उमेदवाराला ती वापरता येतात. नियम आहे तो मक्तेदारी नसावी असा. ज्या अटींवर सत्तेतील पक्षाला जागा मिळते, त्याच अटींवर ती इतरांनाही मिळाली पाहिजे. दहा दिवसांची सलग नोंदणी हे मक्तेदारीचेच रूप आहे. त्यामुळे तुमच्या उमेदवाराने विशिष्ट तारखेसाठी लेखी मागणी करून पोचपावती घ्यावी आणि नकार मिळाल्यास तोही लेखी मागावा. मागितले होते आणि नाकारले गेले हे कागदावर असल्याशिवाय तक्रारीला बळ येत नाही. मागणीसोबत जागेच्या नोंदवहीची पाहणीही मागा, कारण नोंदणी खरोखर पैसे भरून झाली आहे की केवळ पेन्सिलीने नाव लिहून ठेवले आहे, ते त्या वहीत एका नजरेत दिसते. ध्वनिक्षेपकाबाबत रात्री 10 ते सकाळी 6 ही बंदी सर्वांना सारखीच लागू आहे.

व्हॉट्सॲप गटाविषयी पहिला प्रश्न असा, की तो कोणाचा आहे. पालिकेच्या कर्मचाऱ्याने अधिकृत माहितीसाठी चालवलेला गट असेल, तर तो पालिकेच्या सूचना फलकासारखाच समजावा, आणि त्यावरील प्रचाराचे संदेश काढून टाकणे ही गट चालवणाऱ्या कर्मचाऱ्याची जबाबदारी ठरते. गट माजी नगरसेवकांनीच स्वतःच्या मोबाइलवरून उघडला असेल, तर तो खासगी आहे. तेव्हा पाण्याच्या वेळा पालिकेने स्वतःच्या मार्गाने कळवाव्यात अशी मागणी करणे अधिक उपयोगाचे. विजेच्या खांबांवर आणि पालिकेच्या भिंतींवर लावलेल्या फ्लेक्ससाठी महाराष्ट्र मालमत्ता विरूपण प्रतिबंध अधिनियम, 1995 हा स्वतंत्र कायदा आहे, आणि तो निवडणूक नसतानाही लागू असतो.

प्रश्न: तक्रार कोठे करायची, आणि मतदान झाल्यावर आचारसंहिता संपते का?

पालिकेच्या निवडणुकीची तक्रार भारत निवडणूक आयोगाकडे पाठवून उपयोग नाही, कारण त्याचे क्षेत्र संसद आणि विधिमंडळाच्या निवडणुकांचे आहे. तुमच्या प्रभागाचे निवडणूक निर्णय अधिकारी, पालिकेतील आचारसंहिता कक्ष आणि वर राज्य निवडणूक आयोग हा येथील क्रम आहे. अर्जाच्या दुसऱ्या प्रतीवर शिक्का आणि तारीख घेतल्याशिवाय कार्यालय सोडू नका.

माहितीच्या अधिकाराने लॉगबुक किंवा हजेरीपट नंतर मागवू, असा विचार असेल तर मुदतींचे गणित आधी पाहा. माहिती अधिकार अधिनियम, 2005 नुसार उत्तराला 30 दिवस लागू शकतात. नगरपरिषदेच्या निवडणुकीला आव्हान देणारी याचिका मात्र निकाल राजपत्रात प्रसिद्ध झाल्यापासून 10 दिवसांच्या आत जिल्हा न्यायालयात दाखल करावी लागते, आणि अनुच्छेद 243 झेडजी मुळे निवडणुकीला आव्हान देण्याचा दुसरा मार्ग जवळपास उरत नाही. म्हणून मूळ नोंदी तपासण्याची मागणी प्रचार चालू असतानाच करावी.

मतदानाने आचारसंहिता संपत नाही. ती निकाल जाहीर होईपर्यंत लागू असते. नगरपरिषदा व नगरपंचायतींच्या बहुसंख्य जागांचे मतदान 2 डिसेंबर 2025 रोजी झाले, पण न्यायालयाच्या आदेशाने मतमोजणी 21 डिसेंबरला झाली आणि मधल्या दिवसांतही हे निर्बंध कायम राहिले. त्या दिवसांत कोणी पालिकेच्या गाडीतून आभारफेरी काढली असेल, तर तिची तक्रारही प्रचारफेरीच्या तक्रारीइतकीच ग्राह्य होती.